फायकसची पानगळ आणि आपल्या हाताचं यश

गृहप्रवेशाला आठ दिवस राहिले होते. नव्या घराच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागचा कोपरा मोकळा मोकळा दिसत होता. नर्सरीतून मी कमरेएवढं फायकस आणलं. बारीक चकचकीत पानांनी गच्च भरलेलं, टवटवीत झाड होतं. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बघून 'छान आहे' म्हणून गेला.

दहाव्या दिवशी सकाळी केर काढताना कुंडीखाली सात-आठ हिरवी पानं सापडली. दुसऱ्या दिवशी ओंजळभर. मी पाणी वाढवलं. पानगळ आणखी वाढली. तीन आठवड्यांत त्या झाडाचा अक्षरशः खराटा झाला. नेमक्या तेव्हाच आत्याबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. कुंडीकडे बघून सहज म्हणाल्या, "सूनबाई, काही जणींच्या हाताला झाड लागतच नाही बघ."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण शब्द मला लागला. एकेंद्रिय का असेना, जीवच तो. पाणी गाळून घेणारी, मुंग्यांची रांग दिसली तर केरसुणी बाजूला ठेवणारी मी, आणि निव्वळ शोभेसाठी घरात आणलेला जीव माझ्या डोळ्यांदेखत सुकत होता. रात्री सामायिकाला बसले तरी मन तिथेच जायचं.

माझा धाकटा भाऊ शेतकी कॉलेजात शिकलेला. फोनवर त्याने मला पाणी किती घालतेस, खत कोणतं, असं काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, "ताई, तुझ्याकडे येण्याआधी ते झाड कुठं वाढलं?" मला उत्तर देता आलं नाही. मग मीच शोधायला लागले, वाचायला लागले, आणि हा प्रश्न जगात माझ्याआधी कितीतरी लोकांना पडला होता हे कळलं. त्याचा एक इतिहास आहे. तो इतिहास माझ्यासारख्या खराटेवाल्या बायकांना सांगायलाच हवा म्हणून आजचा लेख.

घरात, छपराखाली, कुंडीत झाड ठेवायची हौस युरोपात वाढली ती एकोणिसाव्या शतकात. त्या काळचं लंडन कोळशाच्या धुराने भरलेलं असे. नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर तिथे राहत. त्यांना झाडांचा नाद, पण धुरामुळे अंगणातली नेचेवर्गी झाडं जगत नव्हती. 1829 मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष बघण्यासाठी झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओली माती घालून ठेवला. त्या मातीत आपोआप नेचा आणि गवत उगवलं, आणि बंद बाटलीत ते काही वर्षं टिकलं. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या बनवल्या. 1833 मध्ये अशा दोन पेट्या झाडांसह जहाजाने लंडनहून थेट ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला गेल्या आणि झाडं जिवंत पोहोचली. पुढे जगभर रोपं हलवायला या पेट्या वापरल्या गेल्या.

वॉर्डसाहेबांनी धुराचा आणि कोरड्या हवेचा प्रश्न सोडवला. उजेडाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जाड पडदे, गॅसचे दिवे, लहान खिडक्या, अशा दिवाणखान्यांत बहुतेक झाडं मान टाकत. तिथे तग धरून राहिली ती ॲस्पिडिस्ट्रासारखी जात्याच सावलीतली, दाट जंगलाच्या पायाशी वाढणारी झाडं. म्हणजे त्या काळी लोकांनी निवड केली ती झाडाच्या जातीची. ही जात घरात जगते, ती जगत नाही, एवढंच त्यांना कळलं. एकाच जातीची दोन झाडं, दिसायला सारखी, पण एक घरात जगतं आणि दुसरं झडून जातं, असंही होऊ शकतं, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली.

ते कळलं अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातल्या अपॉपका या गावाच्या परिसरात. 1894 च्या सुमारास बॉस्टनकडे 'बॉस्टन फर्न' नावाच्या नेच्याची ओळख झाली आणि तो घरोघरी लोकप्रिय झाला. अपॉपकाला त्याची लागवड 1912 पासून सुरू झाली आणि गावाचं नावच नेच्यांचं गाव पडलं. पुढे तिथे पोथोस, म्हणजे आपला मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, ड्रासेना, फायकस अशी नाना तऱ्हेची शोभेची पानं पिकू लागली. आज ते गाव स्वतःला घरातल्या शोभेच्या झाडांची जगाची राजधानी म्हणवून घेतं.

1970 नंतर तिकडे या झाडांची लाटच आली. घरं, ऑफिसं, हॉटेलं, नवे मॉल, जिथे तिथे कुंड्या हव्यात. त्या दशकात विक्री कित्येक पटींनी वाढली. मोठ्या इमारतींना हातभर रोपं चालेनात, त्यांना पुरुषभर उंचीची झाडं हवी होती. आणि तीही लवकर हवी होती. आता झाड लवकर वाढवायचं तर काय करायचं? शेतकरी घरातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल: भरपूर ऊन, भरपूर खत, भरपूर पाणी. फ्लोरिडाच्या बागायतदारांनीही तेच केलं. फायकस उघड्या उन्हात लावलं. खोड जाड झालं, फांद्या गच्च झाल्या, पानं चकाकली. बंद ट्रकमध्ये भरून ती झाडं हजारो किलोमीटर दूर थंड शहरांकडे गेली.

आणि तिथे पोहोचल्यावर झडली. ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाखाली काही आठवड्यांत हिरव्या पानांचा सडा पडू लागला. गिऱ्हाईक म्हणे, झाड रोगट दिलं. बागायतदार म्हणे, आमच्याकडून निघालं तेव्हा उत्तम होतं, तुम्हाला सांभाळता आलं नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. वाचताना मला आत्याबाई आठवल्या.

अपॉपकाला फ्लोरिडा विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र आहे. तिथले चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल हे दोन शास्त्रज्ञ या भांडणाच्या मुळाशी गेले. 1975 पासून पुढे त्यांचे या विषयावरचे लेख एकामागून एक येत राहिले. त्यांची रीत साधी होती. एकाच जातीची झाडं घ्यायची. काही उघड्या उन्हात वाढवायची, काही कमी-जास्त दाट सावलीच्या जाळीखाली. कुणाला खत जास्त, कुणाला कमी. मग सगळी झाडं एकसारख्या, घरातल्यासारख्या मंद उजेडाच्या खोलीत आणायची, आणि पुढचे काही आठवडे कोण किती पानं गाळतं ते मोजायचं.

खोली तीच, पाणी तेच, हात तेच. तरी उन्हात वाढलेल्या फायकसने जास्त पानं गाळली आणि जाळीखाली वाढलेलं झाड पुष्कळ चांगलं टिकलं. म्हणजे घरात आल्यावर काय होणार, याचा मोठा भाग घरात येण्याआधीच ठरलेला होता.

असं का होतं, हे आपल्या घरखर्चाच्या भाषेत सांगते. पान उजेडात अन्न तयार करतं, ती झाडाची मिळकत. आणि रात्रंदिवस श्वास घेताना ते अन्न खर्च होतं. एका ठरावीक उजेडाला मिळकत आणि खर्च बरोबर समान येतात. त्याला शास्त्रात 'लाइट कॉम्पेन्सेशन पॉइंट' म्हणतात. त्यापेक्षा जास्त उजेड असेल तर शिल्लक पडते, झाड वाढतं. कमी असेल तर झाड साठवणीतलं खात बसतं. 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायकस बेंजामिनाची हीच रेषा मोजली गेली. त्या अभ्यास करणाऱ्यांत कोनोव्हरही होते. उन्हात वाढलेल्या झाडाची रेषा उंच, सावलीत वाढलेल्याची खाली. म्हणजे उन्हातल्या झाडाला नुसतं जगायलाच जास्त उजेड लागतो.

आता आकडे बघा. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचा उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. आपल्या हॉलमध्ये खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात दिवसाउजेडीसुद्धा दोनशे ते पाचशे लक्स असला तर खूप. आपले डोळे लगेच जुळवून घेतात म्हणून आपल्याला हॉल उजेडाचा वाटतो. महिना लाखाची मिळकत असलेल्या आणि त्याच बेताने खर्चाची सवय झालेल्या घरात एका रात्रीत तीनशे रुपयांवर महिना काढायची वेळ आली, तर ते घर काय करील? आधी खाणारी तोंडं कमी करील. झाड नेमकं तेच करतं. पानं गाळतं.

पानाच्या आतही फरक असतो. 1982 मध्ये उन्हातल्या आणि सावलीतल्या फायकसच्या पानांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो दाखवला गेला. उन्हातलं पान लहान, जाड आणि मधल्या शिरेवर घडी घातल्यासारखं दुमडलेलं असतं. फार उजेड अंगावर येऊ नये म्हणून हिरवे कण पेशींच्या कडेला उभे रांगेत लागतात, जणू उन्हाकडे पाठ फिरवतात. सावलीतलं पान मोठं, पातळ, गडद आणि पसरट. त्यातले हिरवे कण आडवे पसरून मिळेल तो कवडसा झेलतात. एकदा उन्हासाठी घडलेलं जाड पान घरात आल्यावर पातळ होत नाही. झाड ते टाकून देतं आणि जमलं तर मंद उजेडासाठी नवी पानं घडवतं.

फायकस हे आपल्या वड-पिंपळाच्याच कुळातलं. पंच उदुंबर म्हणून ज्यांची फळं आपण लहानपणापासून वर्ज्य मानतो, त्यांचंच भावंड. वडाला कुणी सावलीतलं झाड म्हणेल का? भर उन्हात उभं राहायची ताकद या कुळात आहे, आणि सवय लावली तर खोलीतल्या उजेडात राहायचीही आहे. दोन्ही त्याच्या अंगात आहे. एकातून दुसऱ्यात जायला मात्र वेळ लागतो.

अपॉपकाच्या शास्त्रज्ञांनी यावर जो उपाय सांगितला, त्याला 'ॲक्लिमटायझेशन' म्हणतात. मी त्याला रुळवणं म्हणेन. एक तर झाड पहिल्यापासून सावलीच्या जाळीखाली वाढवायचं, किंवा उन्हात वाढवून विक्रीच्या आधी काही आठवडे ते काही महिने दाट जाळीखाली ठेवायचं. झाड जितकं मोठं तितका वेळ जास्त. सोबत खतही कमी करायचं, कारण कमी उजेडात झाडाला तेवढं खत लागत नाही, आणि कुंडीत साचलेले क्षार मुळांना जाळतात. असं रुळवलेलं झाड ट्रकमधला अनेक दिवसांचा काळोखही जास्त चांगला सोसतं. कोनोव्हर आणि पूल यांनी 1984 मध्ये या सगळ्या कामाचा एकत्र आढावा लिहिला, आणि तोपर्यंत फ्लोरिडाच्या चांगल्या बागांतून काळ्या जाळ्या नेहमीच्या झाल्या होत्या.

यात मला आपली ओळखीची रीत दिसली. दशलक्षणात दहा उपवास धरायचे असतील तर आपल्याकडच्या जाणत्या बायका आदल्या महिन्यापासून एकासन सुरू करतात. पोटाला सवय लावतात. कालपर्यंत चार वेळा जेवणारीने आज एकदम दहा उपवासांचा नियम घेतला तर तिसऱ्या दिवशी चक्कर येते, आणि त्यात तिच्या श्रद्धेचा दोष नसतो. झाडाला तर आपण विचारतही नाही. उन्हातून उचलतो आणि थेट सोफ्याच्या मागे ठेवतो.

मग सगळे विक्रेते झाडं रुळवत का नाहीत? कारण जाळीखाली झाड सावकाश वाढतं. तेवढे दिवस जागा अडते, पाणी लागतं, मजूर लागतो. आणि विकताना गंमत अशी की न रुळवलेलं झाड बऱ्याचदा जास्त गच्च, जास्त आकर्षक दिसतं. दोन्ही शेजारी ठेवली तर आपणच उन्हातलं उचलू. फरक कळतो तो महिन्याभराने, आपल्या घरात. तोपर्यंत व्यवहार संपलेला असतो, आणि दोष येतो तो रोज पाणी घालणाऱ्या हातावर. बहुतेक घरांत तो हात बाईचाच असतो.

हे सगळं वाचल्यावर मी पुन्हा त्या नर्सरीत गेले. भांडायला नव्हे, बघायला. माझ्या फायकसची भावंडं उघड्या उन्हात रांगेने उभी होती. तिथल्या मामांना विचारलं, "मामा, ही जाळीखाली किती दिवस ठेवता?" ते म्हणाले, "वहिनी, गाडी आली की दोन दिवसांत जातात, जाळीखाली कधी ठेवणार?" मग स्वतःच म्हणाले, "हॉलसाठी हवं असेल तर आधी सांगत जा, नेटखालचं देतो." म्हणजे त्यांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

म्हणून आता काय विचारायचं आणि काय बघायचं ते लिहून ठेवते.

झाड घेताना आधी सांगायचं की ते घरात, अमुक कोपऱ्यात ठेवायचं आहे. ते जाळीखाली किती दिवस आहे ते विचारायचं. दुकानाच्या पत्र्याखाली दोन दिवस ठेवलं म्हणजे रुळवणं झालं असं नाही. पान बघायचं. फायकसची पानं लहान, जाडसर, फिकट आणि दुमडलेली असतील तर ते उन्हातलं. पसरट, पातळ, गडद असतील तर सावलीतलं. ते थोडं विरळ दिसलं तरी तेच घ्यायचं.

उन्हातलं झाड आणलंच असेल तर रुळवायचं काम आपण करायचं. आधी गॅलरीत सावलीला, मग खिडकीशेजारी, मग थोडं आत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन आठवडे तरी द्यायचे. खिडकीपासून फार लांबच्या काळोख्या कोपऱ्यात फायकस ठेवूच नये. तिथे मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट बरा.

पानं गळायला लागली की पाणी वाढवायचं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. पानं कमी झाली, उजेड कमी झाला, की झाड पाणी कमी पितं. कुंडीत चिखल होतो आणि मुळं कुजतात. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच पाणी द्यायचं. नवीन पानं येईपर्यंत खत नाही, कुंडी बदलणंही नाही.

आणि हेही खरं की पानगळीचं कारण दर वेळी उजेडच असतं असं नाही. एसीचा थंड झोत, पाण्याचा अतिरेक, सारखी जागा बदलणं, यानेही फायकस पानं टाकतं. पण पहिल्या महिन्यातली पानगळ असेल तर भावाने विचारला तोच प्रश्न आधी विचारायचा: तुझ्याकडे येण्याआधी ते कुठं वाढलं?

माझ्या खराट्याचं काय झालं ते सांगते. फांदीला नखाने अगदी हलकेच बघितलं, आत हिरवं होतं. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत ठेवली, जिथे सकाळचं कोवळं ऊन तासभर येतं आणि मग दिवसभर नुसता उजेड असतो. पाणी आठवड्यातून दोनदा, तेही बेताने. पाच आठवड्यांनी टोकांना हिरवी टोचं दिसली. नवी पानं आली ती पहिल्यापेक्षा मोठी आणि पातळ होती. दिवाळीनंतर ती कुंडी हॉलच्या खिडकीशी आणली. सोफ्याच्या मागचा कोपरा अजून मोकळाच आहे, आणि तो तसाच राहू दे.

पुढच्या वेळी आत्याबाई आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांच्या तरुणपणी माहेरून आणलेला मोगरा वाड्यातल्या काळोख्या पडवीत ठेवला होता, तो गेला, आणि त्यांच्या सासूबाईही त्यांना हेच वाक्य म्हणाल्या होत्या. इतकी वर्षं त्या तेच खरं धरून बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, आपल्या लेकीसुनांच्या घरी एखादी सुकलेली कुंडी दिसली, तर ते वाक्य पुढे देऊ नका. आधी झाड कुठून आलं ते विचारा, आणि कुंडी उजेडाकडे सरकवायला हात लावा.